वळ आणि वेद

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की साधारण अर्ध्या वाटेवर बिडकीन लागते. हल्ली या गावाचे नाव येते ते औद्योगिक वसाहतीच्या बातम्यांत. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते नाथषष्ठीच्या वाटेवरचे गाव आहे. या टापूत, तसे पाहिले तर अवघ्या मराठवाड्यात, अखंड हरिनाम सप्ताह बसला की एक रीत कसोशीने पाळली जाते: सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहारे ठरलेले असतात. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो, आणि वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मध्यरात्रीनंतर मांडवात ऐकायला चिटपाखरू नसते, तरी वीणेकरी उभा असतो. त्याच मांडवाच्या खांबाला भोंगा बांधलेला असतो आणि कीर्तन सुरू होण्याआधी, पंगती उठत-बसत असताना, त्यातून ध्वनिमुद्रित अभंग वाजत असतात. या दोन गोष्टी शेजारी-शेजारी नांदतात, कोणाला त्यात विसंगती वाटत नाही. मात्र पहाटे तीनच्या पहाऱ्याला माणूस मिळेना म्हणून "लावा रेकॉर्ड, तेवढीच झोप होईल" असे कोणी सुचवल्याचे ऐकिवात नाही. रेकॉर्डमधला आवाज वीणेकऱ्यापेक्षा गोड असतो, सुरात असतो, थकत नाही, आणि नाव तेच घेतो. मग अडते कुठे?

हा सोवळ्याओवळ्याचा भाग म्हणून सोडून देता येईल. पण मुद्रित आवाज म्हणजे नेमके काय, हा खरा प्रश्न त्याच्या पोटात आहे, आणि तो तपासायचा तर मुद्रित आवाजाची बाजू जिथे सर्वांत बळकट आहे तिथे जायला हवे. कॅसेट ही ती जागा नव्हे. तिथे नुसता आवाज, माणूस गायब. मोबाईलही नव्हे, त्यात चित्र आणि आवाज दोन्हींचे आकडे होतात, आणि आकड्यांचे पुढे काहीही करता येते. बळकट बाजू आहे ती अरुंद फितीवर थेट केलेल्या ध्वनिमुद्रणाची. आठ किंवा सोळा मिलिमीटर रुंदीची फिल्म, तिच्या काठाला अरुंद अशी चुंबकीय पट्टी, आणि चित्र टिपता टिपताच त्याच फितीवर आवाज उतरवणारा कॅमेरा. सोळा मिमीच्या अशा कॅमेऱ्यांवर परदेशांत टीव्हीच्या बातम्या टिपल्या जात. कोडॅकने १९६५ मध्ये आणलेली सुपर एट मुकी होती. १९७३ मध्ये तिला आवाज मिळाला, आणि १९९७ मध्ये आवाजाची फिल्म बंद झाली. आपल्या गावोगावी जे सोळा मिमीचे प्रक्षेपक सरकारी प्रचाराच्या गाड्यांबरोबर येत, त्यांवरच्या प्रतींचा आवाज आधी वेगळा घेऊन मग फितीवर छापलेला असे. थेट मुद्रणात असा मधला हात नाही. कीर्तनकाराने शब्द उच्चारला त्याच क्षणी, त्याच यंत्रात, त्याच फितीवर तोंड उमटले आणि बोलही उमटला. साक्षात म्हणायचे तर याहून साक्षात काय असणार?

आता ती फीत उजेडापुढे धरावी आणि हिशेब मांडावा. ज्या चौकटीत तोंड 'विठ्ठल' म्हणायला उघडलेले आहे, तिच्या शेजारच्या पट्टीवर 'विठ्ठल' नसतोच. सुपर एटमध्ये तो अठरा चौकटी पुढे असतो. एका चौकटीला सव्वाचार मिलिमीटर धरले तर हे अंतर सुमारे ७६ मिमी भरते, म्हणजे चार बोटे. सोळा मिमीच्या छापील प्रतीत ते सव्वीस चौकटींचे, जवळजवळ वीतभर. कारण साधे आहे. चित्र टिपायचे तर फिल्म भिंगामागच्या झरोक्यात क्षणभर निश्चल उभी राहावी लागते, नाहीतर चित्राचा फराटा होतो. म्हणून सुपर एटमध्ये ती सेकंदाला अठरा वेळा थांबते आणि अठरा वेळा पुढे सरकते. आवाजाचे उलटे. त्याच्या हेडवरून फिल्म एकसारखी वाहिली पाहिजे. जराशी अडखळली की सूर डुगडुगतो. थांबणे आणि वाहणे एका जागी जमत नाही, म्हणून दोन जागा करायच्या आणि मध्ये फितीला थोडा झोल द्यायचा, म्हणजे झटके तिथेच जिरतात. परिणाम असा की उघडलेल्या तोंडाशेजारी असतो तो सेकंदभर नंतरचा आवाज. नाम आणि रूप एकाच फितीवर आहेत, पण त्या फितीवर ते कोठेही एकमेकांजवळ नाहीत. प्रक्षेपकातही तेच अंतर राखलेले असते म्हणून फीत धावू लागली की ते जुळतात, आणि तेही बघणाऱ्याच्या डोळ्याकानांत. फीत डब्यात गुंडाळून ठेवली की पुन्हा चार बोटांचे अंतर.

याच यंत्राच्या आणखी दोन खोडी सांगायला हव्यात, कारण पुढचा विचार त्यांवर उभा आहे. या कॅमेऱ्यांत आवाजाची पातळी आपोआप राखणारी सोय असे. बोलणारा मोठ्याने बोलला की यंत्र कान आवळून घेई, तो थांबला की कान टवकारी. त्यामुळे कीर्तनकार चरण म्हणून श्वासापुरता थांबला की त्या रिकाम्या जागेत मागचा खोकला, भांड्यांचा आवाज, खुद्द कॅमेऱ्याच्या मोटरची घरघर असे सगळे फुगून वर येई. माणसाचा कान ज्याकडे दुर्लक्ष करतो ते सारे पट्टीवर इमानेइतबारे बसे. दुसरी खोड कापाकापीतली. एखादा प्रसंग नको म्हणून फीत कापून जोडली, तर चित्र बदलते पण आवाज बदलत नाही: नव्या चित्रावर पहिला सेकंदभर ऐकू येतो तो कापून टाकलेल्या क्षणाचा आवाज, आणि नव्या प्रसंगाचे पहिले शब्द मात्र कचऱ्याच्या डब्यात गेलेले असतात. साध्या कार्ट्रिजमध्ये पन्नास फूट फिल्म, म्हणजे अठराच्या गतीने तीन मिनिटे वीस सेकंद. एवढ्यात नमनही उरकत नाही. तरीही जे काही त्यात सापडते ते बिनकाटछाटीचे राहण्याचीच शक्यता अधिक, कारण काटछाट केली की ती उघडी पडते.

या तपशिलातून मला जे दिसते ते असे. थेट मुद्रित आवाज ही उत्तम प्रतीची साक्ष आहे, पण सान्निध्य नाही. आणि धर्मव्यवहारातले आपले पुष्कळसे घोटाळे या दोन गोष्टी एकमेकींच्या जागी ठेवल्याने होतात. साक्ष ही की अमुक गळ्यातून अमुक आवाज खरोखरच निघाला होता, त्याच्या दाबाने इथले लोहकण असे रांगेत बसले. सान्निध्य मात्र फितीच्या कुठल्याही तुकड्यावर बोट ठेवून दाखवता येत नाही, कारण तोंड एकीकडे आणि बोल चार बोटे दूर. ते प्रत्येक वेळी नव्याने जुळवावे लागते, आणि जुळवणारा फितीबाहेरचा असतो.

यावर पहिला आक्षेप नैयायिकाच्या तोंडचा असू शकेल. तो म्हणेल, जिवंत आवाज तरी कुठे साक्षात असतो? न्यायमतात शब्द उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. बोलणाऱ्याच्या तोंडापाशी उत्पन्न झालेला शब्द आपल्या कानात शिरत नाही, पाण्यावर लाटेमागून लाट उठावी तशी शब्दांची मालिका उठते आणि तिच्यातला शेवटचा शब्द आपण ऐकतो. मांडवात मागे बसलेल्याला कीर्तनकाराचा शब्द किंचित उशिराच पोचतो. त्यात आता मायक्रोफोन आला, भोंगा आला. वीणेकऱ्याचा आवाज गावाला तारेतूनच ऐकू जातो. म्हणजे अंतर आणि यंत्र दोन्ही जिवंत आवाजातही आहेत. मग फितीवरच्या चार बोटांचे एवढे काय घेऊन बसलात? आक्षेप रास्त आहे, आणि तो मान्य केल्यानेच खरा फरक नजरेस येतो. फरक अंतराचा नाही, यंत्राचाही नाही. भोंग्याच्या दुसऱ्या टोकाला आत्ता कोणीतरी उभे आहे. त्याचा घसा बसू शकतो, त्याला डुलकी लागू शकते, पहाऱ्याचा गडी आलाच नाही तर तो कंटाळून घरी निघून जाऊ शकतो. तो तसे करत नाही, हेच त्याचे व्रत. जे मोडता येते तेच पाळता येते. फितीला डुलकी लागत नाही, म्हणून तिच्या हातून जागरणही घडत नाही. वीज गेली तर ती थांबेल, पण त्याला कोणी व्रतभंग म्हणणार नाही. पहाटे तीनच्या पहाऱ्याला रेकॉर्ड का चालत नाही, याचे उत्तर सप्ताहवाल्यांनी शास्त्रार्थ न करता कधीच देऊन ठेवले आहे.

मीमांसकाची बाजू याहून अवघड. त्याच्या मते शब्द नित्य आहे. गळा, टाळू, जीभ यांच्या खटपटीने तो निर्माण होत नाही, फक्त प्रकट होतो. हे धरले तर लाऊडस्पीकरचा पडदा हे आणखी एक प्रकट करणारे साधन झाले, गळ्याच्या पंगतीतले. शब्द तोच, मग पुण्य का नाही? पण याच मीमांसकाने वेद पुस्तकातून शिकायला मनाई केली. अध्ययन गुरूच्या उच्चारामागून आपण उच्चार करून व्हायचे, लिहिलेल्यावरून नव्हे; 'पाणिनीय शिक्षा' या उच्चाराच्या ग्रंथात अधम पाठकांची यादी आहे, तीत लिहिलेले वाचून म्हणणारा आहे आणि अर्थ न जाणता म्हणणाराही आहे. शब्द नित्य, तरी म्हणण्याची रीत इतकी काटेकोर का? कारण मीमांसेत विधी हा नेहमी करण्याचा असतो. शब्द असून भागत नाही, कोणीतरी तो म्हटला पाहिजे. म्हणजे शब्दनित्यत्व पुरते मान्य केले तरी मुद्रित आवाजाला विधीत जागा मिळत नाही.

मात्र इथे एक कडवट गोष्ट लपवून चालणार नाही. मीमांसक कुमारिलाने पुस्तकातून शिकलेला वेद ज्या श्वासात नाकारला त्याच श्वासात शूद्राने मिळवलेलाही नाकारला. गुरुमुखाचा आग्रह आणि दारावरचा पहारा ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होती. म्हणून कोणी म्हणेल की मुद्रित आवाजाने तर हे दार फोडले. जो स्वर ऐकायला जन्म आडवा येत होता तो आता कोणाच्याही घरात वाजतो. अशा वेळी 'करणारा हवा, म्हणणारा हवा' असे म्हणणे म्हणजे जुन्या पहारेकऱ्याला मागल्या दाराने परत आणणे नव्हे काय? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याचे उत्तर पैठणच्याच नागघाटावर शोधावे लागते.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे, म्हणजे संन्याशाची पोरे, शुद्धिपत्र मागायला आली. आत्मा सर्वांत एकच म्हणता, तर तो पाहा पखालीचा रेडा, त्याचेही नाव ग्यानाच, असे सभेतून कोणी म्हणाले. रेड्यावर आसूड ओढले गेले आणि वळ उमटले ते ज्ञानेश्वरांच्या पाठीवर. त्यानंतर रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला गेला आणि तो वेद बोलला. चमत्कार घडला की नाही हा इथला प्रश्न नाही. परंपरेने ही कथा सातशे वर्षे कशासाठी जपली हा आहे. मुद्रित आवाजाचा वकील म्हणेल, हे तर आमचेच उदाहरण. अर्थ न जाणणाऱ्या मुखातून वेद निघाला आणि तो वेदच ठरला. रेडा चालतो तर फीत का नाही? पण कथेचा क्रम पाहावा. वेद नंतर येतो, आधी येतो वळ. एकाला लागले आणि दुसऱ्याच्या पाठीवर उठले, ही कथेची पहिली साक्ष. आणि मग जो आत्तापर्यंत फक्त मार खात होता तो स्वतःच्या तोंडाने बोलला, ही दुसरी गोष्ट. थेट मुद्रणाच्या फितीत पहिली गोष्ट पुरेपूर आहे. गळ्याने आघात केला आणि वळ लोहकणांवर उठला. छापील प्रतीत किंवा मागाहून जोडलेल्या आवाजात नसलेली जवळीक तिच्यात आहे ती याच अर्थाने. दुसरी गोष्ट मात्र तिच्यात नाही. फितीवर वळ असतो, वेद नसतो. लोकांनाही हा फरक कळत असावा. त्या रेड्याची समाधी म्हणून जुन्नर तालुक्यात आळे गावी आजही लोक माथा टेकवतात. जळालेला अॅम्प्लिफायर मात्र आपण भंगारवाल्याकडे देतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

आणि दार फोडण्याचे काय? कथा दार फोडतेच, पण कसे? वेद म्हणण्याचा अधिकार ज्याला नव्हता त्याच्या मुखी तो देऊन. वारकरी परंपरेचा दावाही हाच: नाम कोणीही घ्यावे, वीणा कोणाच्याही गळ्यात पडावी. प्रत्यक्षात प्रत्येक गावी तसे होते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. आजही कुठे बाईच्या गळ्यात वीणा देताना माना वळतात. पण मक्तेदारीवर इलाज म्हणून परंपरेने जे सांगितले ते म्हणणाऱ्यांची संख्या वाढवणे होते. म्हणणेच यंत्राकडे सोपवले तर मक्तेदार आणि वंचित दोघेही सारखेच ऐकते होतात, एवढीच समता हाती लागते. ती नसण्यापेक्षा बरी, हे खरे. पण नागघाटावरची मागणी तेवढीच नव्हती.

कोणी विचारील, मग ग्रंथाचे काय? ज्ञानेश्वरीचे पारायण तर छापील पोथीवरूनच होते. इथे पैठणच्या दुसऱ्या पुरुषाकडे वळायला हवे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षे हातोहात नकला होताना पाठ बिघडले होते, पदरच्या ओव्या घुसल्या होत्या. नाथांनी पाठ मुक्रर केला आणि यापुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. हे काम कान आणि समज असलेल्या माणसाचे. कोणता शब्द ज्ञानदेवांचा असू शकतो आणि कोणता नाही, हे ठरवायला त्या ग्रंथात मुरलेले असावे लागते. क्षणभर अशी कल्पना करावी की ज्ञानेश्वरी ज्यातून उतरली त्या नेवाशाच्या निरूपणाचे थेट ध्वनिमुद्रण नाथांच्या हाती लागले असते. नाथांनी ते 'शुद्ध' केले असते का? एखाद्या ओवीत मात्रा चुकली, मध्ये ते लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचा बोरू मोडला, बाहेर गाय हंबरली, म्हणून तेवढा तुकडा कापला असता का? मला वाटते मुळीच नाही. ग्रंथ दुरुस्त करता येतो, किंबहुना दुरुस्त करावाच लागतो, कारण ग्रंथाचे काम सांगण्याचे आहे. साक्षीचे काम घडले ते दाखवण्याचे. ती सुधारली की खोटी होते. यातून उलट बाजूही निघते. मुद्रित कीर्तनात बुवांनी ओवी चुकीची म्हटली असेल तर 'रेकॉर्डमध्ये असेच आहे' हा पुरावा पाठासाठी चालणार नाही. पाठासाठी पोथी उघडावी. फीत एवढेच सांगते की त्या रात्री बुवा असे म्हणाले.

आणि बुवाच म्हणाले, दुसरे कोणी नाही, हेही ती सांगते. नाथांचाच दाखला पुढे चालवायचा तर प्रभात कंपनीचा १९३५ चा 'धर्मात्मा' घ्यावा. व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाचे मूळ नाव 'महात्मा' होते. ते गांधीजींशी जोडले जाते म्हणून सेन्सॉरने ते बदलायला लावले. एकनाथ झाले होते बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस. पार्श्वगायनाची रीत अजून रुळायची होती. पडद्यावरचा नट आपल्याच गळ्याने गाई. पडद्यासमोरच्या भाविकाला नाथ दिसले, नाथ ऐकू आले. फितीवर मात्र नाथांचा एक श्वासही नव्हता, होता तो नारायणराव राजहंसांचा गळा. पुढच्याच वर्षीच्या 'संत तुकाराम' मध्ये विष्णुपंत पागनीस इतके तुकोबा झाले, आणि त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेला एक अभंग इतका तुकोबांचा वाटला की लोक तो गाथेत शोधू लागले. भक्तीला साक्षीची गरज नसते, हेच यातून दिसते. तिचे तर मुक्या चित्रपटापुढेही भागले होते: फाळक्यांच्या 'लंकादहन' मध्ये १९१७ साली पडद्यावर राम आला की प्रेक्षक हात जोडीत, दंडवत घालीत, आणि त्या रामाला आवाजच नव्हता. दगडाच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करणारा समाज हे सहज करतो. प्रतिष्ठा करणारा तो, विसर्जन करणाराही तोच. सान्निध्य येते ते भक्ताच्या बाजूने, वस्तूच्या बाजूने नव्हे, असे मी वर म्हटले त्याला याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

श्रवणभक्तीचा आक्षेप मात्र मी बराचसा मान्यच करतो. नवविधा भक्तीत श्रवण पहिले. ऐकणे ही कृती ऐकणाऱ्याची आहे. मग ऐकवणारा जिवंत असो की फितीवरचा, काय बिघडले? काही बिघडत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीने मुद्रित हरिपाठ ऐकला तर तिचे श्रवण पूर्ण आहे, त्यात उणे काढणाऱ्याने स्वतःचा तपास करावा. पण त्याच न्यायाने, रिकाम्या मांडवात मोठ्याने वाजणाऱ्या अभंगात कोणाचेच श्रवण नाही, आणि झोपलेल्या गावाच्या कानांवर आदळणाऱ्या भोंग्यात फार तर सक्ती आहे. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद ठेवण्याचा २००० सालचा नियम धर्माच्या आड येतो अशी तक्रार ऐकू येते. मुद्रित अभंगापुरती तरी ती टिकत नाही, कारण बंद होते ते कोणाचे भजन नसतेच. कीर्तनाचे तर ऐकणेही एकतर्फी नाही. धृपद धरणारे टाळकरी मागे असतात, समोरचा माणूस मान डोलावतो, बुवा दृष्टांत लांबवतात किंवा आखडतात. फितीवरचे बुवा तुमच्या डोलण्याने एक ओवीही जास्त सांगत नाहीत.

साक्ष अनमोल, पण ती टिकत मात्र नाही. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' याच एकत्र पद्धतीने, चित्राबरोबर त्याच फिल्मवर आवाज घेऊन केला गेला. शेजारून रेल्वे जाई म्हणून अर्देशीर इराणींना रात्री चित्रण करावे लागले. १४ मार्च १९३१ ला तो मुंबईत मॅजेस्टिकमध्ये लागला आणि आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जानेवारी २००३ मध्ये आग लागली आणि प्रभातच्या मूळ नायट्रेट फिती तिच्यात गेल्या. अरुंद फितीचे मरण याहून संथ आहे. अॅसिटेटची फिल्म जुनी झाली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ती आक्रसते, वाकडी होते. आणि चुंबकीय पट्टीतले लोह हा ऱ्हास आणखी वाढवते. ज्या कणांनी आवाज धरून ठेवला तेच फितीला खातात. मीमांसकाचा शब्द नित्य असेलही, हा वळ नित्य नाही.

म्हणून अशा फिती कोणाकडे असतील तर त्यांची डिजिटल प्रत करून ठेवणे निकडीचे आहे, आणि नेमका तिथेच मोह होतो. आजची साधने घरघर पुसतात, खोकला गाळतात, बसलेला घसा सोडवतात. पुढे जाऊन तीन मिनिटांच्या नमुन्यावरून दिवंगत बुवांच्या आवाजात अख्खे कीर्तन बनवूनही देतात. पहिली प्रत यांतले काही न करता, खोकल्यासकट घ्यावी. ऐकायला सोपी अशी पुसलेली प्रत वेगळी करावी आणि तिच्यावर तसे लिहावे. बनवलेल्या आवाजाबद्दल माझे मत अधिक कडक आहे. त्यात शब्द बिनचूक असतील, सूर तंतोतंत असेल, पण तो म्हणायला कोणाचा गळा हललेला नाही; रेड्याच्या कथेतला वेदही त्यात नाही आणि वळही नाही. पंगती चालू असताना तो मांडवात लावला तर माझी हरकत नाही, तिथे आजवर लागत आलेल्या आवाजांसारखाच तोही एक. हरकत आहे ती त्यावर बुवांचे नाव घालण्याला, कारण ज्या रात्री ते तसे म्हणाले अशी रात्र उगवलीच नव्हती.